जगबुडीनंतरची पंगत

राळेगावात जग संपलं तेव्हा ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. सकाळी नळाला पाणी आलं नाही, पण तो नळाचा वारच नव्हता. वीज नव्हती, पण ती येते-जाते. मोबाईलला रेंज नव्हती, तर लोकांनी छतावर जाऊन पाहिलं असतं, पण पाहायला लोकच नव्हते. बाजार समितीसमोर सोयाबीनच्या गाड्या तशाच उभ्या होत्या आणि चहाच्या टपरीवर दूध उतू जाऊन करपलं होतं. आजचा दिवस आणि नेहमीचा मंगळवार यांत काहीतरी फरक आहे, हे कळायला माझ्या नायकाला दुपार झाली.

ही माझ्या कादंबरीची सुरुवात. मला ती अजून आवडते. पुढचं सगळं मी चारदा फाडलं, पण हा मंगळवार ठेवला.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. मूळची यवतमाळची, नोकरीमुळे राळेगावात आले आणि इथलीच झाले. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारणाऱ्याला मी दरवर्षी नवीन कारण देते, आणि लोक ते खरं धरून चालतात. गावाच्या टोकाला एका ले-आउटमध्ये माझं दोन खोल्यांचं घर आहे, मागे अंगण आहे, अंगणात एक सीताफळ आहे. जगाच्या अंतावरच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत जो एकटा उरतो त्याच्याकडे कायम बंदूक असते, गाडी असते आणि मागे कोणीतरी लागलेलं असतं. मला ते कधी पटलं नाही. सगळी माणसं गेल्यावर मागे लागणार कोण? खरा प्रश्न असा की दुपारी चार ते सहा माणसानं करायचं काय? अंगण झाडायचं का? झाडलं तर कोणासाठी? मला त्या चार ते सहाबद्दल लिहायचं होतं, आणि ते वाचून लोकांनी हसावं असं वाटत होतं.

म्हणून मी शेवटचा माणूस म्हणून मराठीचा एक मास्तर उरवला. तीन प्रकरणांत कादंबरी बंद पडली, कारण त्याला काही त्रासच होईना. पेपर तपासायचे नाहीत, स्टाफरूम नाही, वाचनालय सताड उघडं. दुकानातून मॅगीची पाकिटं आणायची, उकळायची, आणि पुस्तक हातात घेऊन खायची. तो इतका सुखी झाला की मला त्याचा हेवा वाटायला लागला. सुखी माणसावर कोणी कादंबरी लिहीत नाही.

माझ्या घराला लागून एका आचाऱ्याचं घर आहे. मी त्यांना काकाजी म्हणते. या तालुक्यातल्या निम्म्या लग्नांची पंगत त्यांच्या हातची. त्यांच्या अंगणात पालथा पडलेला जो पितळी गंज आहे, त्यात वरण शिजायचं, आणि तो एवढा मोठा की पाऊस आला तर दोन माणसं त्याखाली बसतील. पुढे बुफे आला, केटरर आले, तसं त्यांचं काम कमी झालं. बुफेचं नाव काढलं की ते अजूनही थुंकायला म्हणून उठतात. काकू माझ्या मैत्रीण होत्या. त्या गेल्या त्याला आता दुसरा उन्हाळा.

काकू गेल्यावर काकाजी वाळायला लागले. आधी गाल गेले, मग खांदे, मग पँटला सुतळी आली. मुलगी महागावला दिलेली, तिनं येऊन त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, पोटात दुखणं काही नाही, पोटातच काही नाही. मुलगी आपल्याकडे चला म्हणाली, तर ते म्हणाले, घर सोडत नाही. तिला कापसाची वेचणी होती, दोन लेकरं होती, ती गेली. जाताना माझा नंबर घेऊन गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन, आणि एकच प्रश्न, बाबा जेवले का? मी म्हणायची, चहा-बिस्किट घेतलं. ती गप्प व्हायची. त्या गप्प होण्याचा मला फार राग यायचा, कारण त्यात माझं नाव असल्यासारखं वाटायचं.

ले-आउटच्या बायांनी डबे सुरू केले. पण आचाऱ्याला डबा देणं म्हणजे परीक्षकाला पेपर देणं. काकाजी डबा उघडायचे, बोटभर चाखायचे, निकाल सांगायचे आणि उरलेलं गाईला घालायचे. एकीला म्हणाले, मीठ मागून टाकलं. दुसरीला म्हणाले, भाकर चांगली, पण रागात थापली. ती त्या दिवशी खरंच नवऱ्याशी भांडून आली होती, त्यामुळे तर फारच चिडली. माझी खिचडी त्यांनी चाखलीही नाही, नुसता वास घेतला आणि विचारलं, बरं वाटून नाही राह्यलं का तुमाले? महिनाभरात सगळे डबे थांबले. गाय मात्र काही दिवस दारात येऊन उभी राहायची.

मला लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय आहे. कॉलेजातून आल्यावर मागच्या अंगणात बसून मी त्या मेल्या मास्तराची प्रकरणं वाचायची, खोडायची, पुन्हा वाचायची. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी. एक दिवस पलीकडून काकाजींनी विचारलं, कोणावर रागावून राह्यल्या? मी म्हटलं, नायकावर. मग गोष्ट सांगावी लागली. जग संपलं, राळेगावात एकच माणूस उरला, वगैरे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. जग कशानं संपलं हे विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तो माणूस खातो काय.

मी म्हटलं, मॅगी.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात आले तर ते भिंतीपाशी उभेच होते. त्याची मॅगी संपली का, म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी मास्तराला साप चाववला, एका वाक्यात उरकलं, आणि शेवटचा माणूस म्हणून एका आचाऱ्याला उरवलं.

तेव्हापासून कादंबरी पळायला लागली. रोज साडेपाचला काकाजी त्या पालथ्या गंजावर येऊन बसायचे आणि मी भिंतीच्या अलीकडून वाचायची. मला श्रोता हवा होता, सल्लागार नको होता, पण मिळाला तो सल्लागारच. माझा आचारी जगबुडीनंतर पहिल्यांदा स्वयंपाकाला बसतो, ते प्रकरण मी वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"किती पानं धरली?"

मी म्हटलं, काकाजी, सगळी माणसं गेलीत. शून्य पानं.

त्यांनी बराच विचार केला. "तरी पाच-पंचवीस जास्तीची धरा. ऐनवेळी येतात."

मी ते जसंच्या तसं कादंबरीत घातलं. माझ्या नायकाला लहान माप माहीतच नव्हतं. त्याच्या हाताला मूठ म्हणजे पायली. एकट्यासाठी वरण करायला बसला की अर्धा तालुका जेवेल एवढं व्हायचं. मुहूर्ताचं काय, असं काकाजींनी विचारलं. म्हणजे काय, असं मी विचारलं. तर म्हणाले, माणसं गेली म्हणून मुहूर्त थोडेच जातात, पंचांगात तर हायेतच ना. मी कपाळाला हात लावला आणि तेही घेतलं. मग माझा आचारी प्रत्येक मुहूर्ताला आंघोळ करून रिकाम्या मंगल कार्यालयात जायला लागला. भट्टी पेटवायचा, आलू-वांग्याची भाजी करायचा, बुंदी पाडायचा. पत्रावळी मांडायचा. बादली घेऊन रांगेतून वरण, वरण म्हणत फिरायचा, आणि प्रत्येक पानापाशी थांबून आपणच बारीक आवाजात नको म्हणायचा, कारण लोक आधी नको म्हणतात. मग थोडा वेळ थांबून त्या पानावर वाढायचा, कारण लोक नंतर हात काढून घेतात.

हे वाचताना मला हसू आवरेना. काकाजीही हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसताना त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या आणि सदरा खांद्यावरून घसरत होता, आणि मी मनात म्हटलं, हा माणूस माझी कादंबरी संपायच्या आत संपणार.

त्या प्रकरणाच्या शेवटी मी नायकाला जेवायला बसवलं होतं. सगळी पानं वाढून झाल्यावर तो स्वतः बसतो आणि तीन पानं रिचवतो, वर बुंदी. मला वाटलं, हे ऐकून काकाजींच्या तोंडाला पाणी सुटेल. खरं सांगायचं तर त्यासाठीच लिहिलं होतं. पण त्यांचं हसू गेलं.

हे खोटं हाये, म्हणाले. पंगत उठल्याशिवाय आचारी जेवत नाही. मी म्हटलं, तिथं पंगतच नाही, उठणार कोण? ते म्हणाले, म्हणूनच तर. मी वैतागून म्हटलं, मग तो मरेल. त्यावर ते अगदी सहज म्हणाले, मरन, पण जेवणार नाही.

मी म्हटलं, हा काय नियम झाला? तर म्हणाले, नियम नाही, सवय हाये. त्यांच्या बापाचीही होती. लग्नाच्या घरी शेवटच्या माणसाचं पान उठलं, झाडू फिरला, की मग आचाऱ्यानं बसायचं. आधी बसला तर अन्न पुरत नाही असं मानतात. हे मला माहीत होतं, पण घरीही तसंच असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आता आठवलं. दुपारी त्यांच्या पडवीत काकू पाटावर बसून जेवायच्या आणि काकाजी तव्यावरची पोळी आणून त्यांच्या ताटात टाकायचे. ले-आउटच्या बाया हसायच्या, नवरा उभा आणि बायको बसलेली. काकू त्यांना म्हणायच्या, तुमच्या नवऱ्याले सांगा पोळी आणायले, आणतो का पाहा. आम्ही सगळ्यांनी ते कौतुकाचं समजून सोडून दिलं होतं.

काकाजी गंजावर बसून मातीकडे पाहत बोलत होते. बोलणं मोजकंच होतं.

"मले भूकच नाही लागत मॅडम. समोरचं पान उठलं का मंग लागते. तिच्या तेरवीचा सैपाक मीच केला. सारं गाव जेवून उठलं, मंग मी बसलो. थे शेवटचं पोटभर."

मी वही मिटली. पुढचं वाचणं शक्य नव्हतं. आम्ही सगळ्या बाया महिनाभर या माणसाकडे अन्न घेऊन जात होतो. न्यायला हवं होतं ते पोट.

हे कळूनही मी लगेच गेले नाही. माझं दुपारचं जेवण हा माझा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ आहे. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात चमचा, आणि कोणीही बोलत नाही. ते मला सोडवेना. म्हणून मी आधी कादंबरीतच इलाज करून पाहिला. नायकाच्या पंगतीला कावळे आणले. पानांवर कावळे बसले, वरण-भात टिपून गेले. काकाजींनी ऐकलं आणि म्हणाले, हे तेरवीचं झालं. खरंच होतं. मी कावळे काढले आणि बकरी आणली. बकरीनं भाजी खाल्ली, बुंदी खाल्ली आणि शेवटी पत्रावळही खाल्ली. यावर काकाजी बराच वेळ विचारात पडले. पानच खाल्लं तर पान उठलं म्हणायचं का नाही, हे काही त्यांना ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला निघाले तर भिंतीवरून म्हणाले, नाही म्हणायचं. रात्रभर त्या बकरीचाच विचार केला असावा.

मग त्यांनीच म्हटलं, माणूस पाह्यजे. एक तरी.

रविवारी बारा वाजता मी त्यांच्या पडवीत जाऊन पाटावर बसले आणि सांगितलं, जेवायला आले. एकट्या बाईनं एकट्या माणसाच्या घरी जेवायला जाणं आमच्या ले-आउटमध्ये बोलण्याजोगं होतं, पण माझ्याबद्दल बोलण्यासारखं सगळं लोकांनी आधीच बोलून टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे नवीन काही उरलं नव्हतं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. आत गेले आणि कोनाड्यातला मोठा सराटा, पंगतीचं उलथनं, काढल्याचा आवाज आला.

मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांत वरण-भात होईल. दोन तास लागले. भूक लागून गेली आणि पुन्हा आली. शेवटी पान आलं. वरण, भात, आलू-वांगं, पोळ्या, कढी, वर चिरलेला सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि एका द्रोणात बुंदी. हात आखडून केलं, असं ते म्हणाले. आत डोकावून पाहिलं तर एखाद्या बारशाला पुरलं असतं. मी जेवले. ते समोर उभे होते. कसं झालं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, फक्त पानात काय उरतं तिकडे लक्ष. मी काही उरू दिलं नाही. भाजीत तेल जास्त होतं, हे मी आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही.

माझी पत्रावळ त्यांनी स्वतः उचलली, मी नको म्हणत असतानाही. बाहेर टाकून आले, हात धुतले, जमिनीवरून ओला फडका फिरवला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसले, आणि पुढ्यात ताट घेतलं. मी मोबाईल पाहत असल्याचं नाटक करत होते. त्यांनी पहिला घास वरण-भाताचा घेतला. मग थांबले नाहीत. मी मोजायला हवं होतं, पण मला दिसेनासं झालं होतं. डोळ्यांत पाणी होतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

संध्याकाळी महागावहून फोन आला. बाबा जेवले का? मी म्हटलं, जेवले, तीन पोळ्या आणि दोनदा भात. ती रडायला लागली. मी तिला रागावले, की आता काय रडायचं, आता तर जेवले. मग मीही फोन ठेवून थोडं रडून घेतलं.

त्यानंतर तो नेमच झाला. कॉलेजात मधल्या सुट्टीला मी घरी यायची, पडवीत बसायची, जेवायची, उठायची, आणि मग ते बसायचे. पुस्तक आणायला बंदी होती, पानाकडे लक्ष ठेवावं लागे. उरलेलं अन्न शेजारी, गाय, बांधकामावरच्या बाया असं कुठं कुठं जायचं. गाईनं पुन्हा दारात उभं राहायला सुरुवात केली. काकाजींची सुतळी सुटली आणि माझे ब्लाउज दाटले. शिंपिणीनं दुसऱ्यांदा शिवण उसवताना विचारलं, आता तरी लग्न ठरलं का? मी म्हटलं, हो, वरणाशी.

कादंबरीचं मात्र वाटोळं झालं. शेवटच्या माणसाला एकटं ठेवणं मला जमेना. मग कळंबच्या रस्त्यानं चालत एक बाई आणली. तिच्या खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं, आणि तोंडाला धार. ती मंगल कार्यालयात येते, पाटावर बसते आणि पहिल्याच घासाला भाजीला नावं ठेवते. काकाजींनी ते प्रकरण मन लावून ऐकलं. इतकं चिडकं काहून केलं तिले, म्हणाले. मी म्हटलं, जगबुडीत माणूस चिडणारच. ते म्हणाले, जगबुडीच्या आधीपासूनच तशी वाटते. मी पुढचे दोन दिवस वाचलं नाही.

एप्रिलमध्ये मला एका मीटिंगसाठी यवतमाळला जावं लागलं, पेपर तपासणीच्या कामाला. दिवसभराची गोष्ट होती, पण मी आदल्या दिवसापासून अस्वस्थ होते. एकही दुपार चुकली नव्हती. ले-आउटच्या बायांना विचारलं, कोणी पडवीत बसाल का? तर सगळ्या मारेगावला एका लग्नाला निघालेल्या. बुफे आहे म्हणत होत्या, मी काकाजींना ते कळू दिलं नाही. त्यांना सांगितलं, उद्या मी नाही. जा, म्हणाले, त्यात काय. आणि तुम्ही? मी काय, म्हणाले, मी हाये घरी. हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही.

यवतमाळला दुपारी जेवणाचं पाकीट मिळालं. मी ते उघडलं आणि बंद केलं. बारा वाजून गेले होते. डोळ्यांसमोर भिंतीला टेकलेला माणूस आणि पुढ्यात झाकलेलं ताट. एक दिवसानं काही होत नाही, हे मला कळत होतं. पण त्यांचा एक दिवस सुटला की दुसरा सुटतो, हेही मी पाहिलं होतं. मीटिंग लांबली. परतीची गाडी कळंबच्या अलीकडे पंक्चर झाली. उन्हात उभी राहून मी काकाजींना काय काय बोलायचं ते जुळवत होते. हट्टीपणाबद्दल एक परिच्छेद, मुलीच्या काळजीबद्दल एक, आणि शेवटी माझ्या पोटावर किती दिवस जगणार, असा प्रश्न. चांगलं भाषण तयार झालं होतं.

ले-आउटच्या वळणावर आले तेव्हा चार वाजून गेले होते आणि सगळीकडे पांढरी धूळ उडत होती. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बोअरवेलची गाडी उभी होती, उन्हाळ्यात तामिळनाडूकडून येते तशी. मशीन बंद होती. माणसं दिसत नव्हती. मी काकाजींचं फाटक उघडलं तर ती सगळी अंगणात होती. सात-आठ माणसं, डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळल्यासारखी पांढरी, भिंतीपलीकडच्या माझ्या सीताफळाच्या सावलीला रांगेत बसलेली. पानं उठून अंगण झाडूनही झालं होतं. कोणी ढेकर देत होतं, कोणी तांब्यातून पाणी पीत होतं. एक जण काकाजींना रिकामा गंज घासू देत नव्हता, आणि त्यांची दोघांची त्यावरून झटापट चालली होती. एकाला दुसऱ्याचं एक अक्षर कळत नव्हतं.

ते गेल्यावर काकाजींनी सांगितलं. दुपारी फाटकाशी उभे राहून त्यांनी हाताचा घास करून तोंडाकडे नेऊन दाखवला. एवढंच. ती माणसं मशीन बंद करून आली. पोळ्यांना कोणी हात लावला नाही, नुसता भात. पहिला गंज संपला, दुसरा लावावा लागला.

"भात कमी पडला मले," ते म्हणाले. आचाऱ्याच्या तोंडी ही नामुष्कीची गोष्ट. पण त्यांचा चेहरा नवरदेवाच्या बापासारखा फुलला होता.

मी विचारलं, तुम्ही जेवलात?

"जेवलो. तुमची वाट नाही पाह्यली. रागावू नका."

त्यांच्या मिशीला वरण लागलेलं होतं. म्हणजे खरंच जेवले होते. मला आनंद झाला, खोटं नाही सांगत, फार आनंद झाला. आणि त्याच वेळी मी खट्टूही झाले. आयुष्यभर मला कोणाची गरज नाही असं ठणकावून सांगत आलेली बाई मी, आणि आज माझी गरज पडली नाही म्हणून माझा चेहरा पडला. कळंबच्या उन्हात जुळवलेलं भाषण तसंच राहिलं. मी पिशवी खांद्याला लावली आणि म्हटलं, बरं, येते मी, दमले आहे.

तुम्ही जेवल्या का, त्यांनी विचारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हटलं.

त्यांनी पाट मांडला. दुसऱ्या गंजाच्या तळाशी भात उरला होता, थोडा लागलेला. वरण त्यांनी पुन्हा गरम करून आणलं, भाजी नव्हती, लोणचं होतं. पान वाढलं. तेवढ्यात समोरची मशीन सुरू झाली आणि सगळं ले-आउट हादरायला लागलं. बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. वाढून झाल्यावर काकाजी नेहमीसारखे उभे राहिले नाहीत. त्यांचं जेवण झालेलं, दिवसभराची दगदग झालेली, डोळे झोपेनं जड. मी हातानं खूण केली, जा, आडवे व्हा, मी जेवते. ते गेले नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, आणि त्या आवाजात मला ऐकू जावं म्हणून पुढे वाकून म्हणाले, "जेवा तुमी. एकट्या माणसाले जेवाले सोडून जात नसते. मी बसतो."

भात लागलेला होता, वरणात धूळ पडत होती. मी आणखी वाढून घेतलं आणि मुद्दाम सावकाश जेवले.